चेंडूंच्या कारखान्यातला भाऊ

किताक्युशू
नोव्हेंबर २००७

प्रिय ताई,

आई गेली. एप्रिलमध्ये गेली, दुपारचं जेवण झाल्यावर. आजार म्हणावा असा काही नव्हता. जेवून आडवी झाली आणि मला म्हणाली, "डुकरांना घातलंस का रे?" आपली डुकरं विकून चाळीस वर्षं होऊन गेली. मी म्हटलं, "घातलं." "आणि पाणी?" "पाणीपण ठेवलं." तिने मान हलवली, कुशीवर वळली, आणि मला वाटलं झोपली. चहा झाल्यावर उठवायला गेलो तर पाय गार पडले होते. स्मशानात हाडं वेचायला मी आणि क्वन काका, दोघंच होतो. क्वन काका आठवतात ना तुला? आपल्या वस्तीत भंगार गोळा करायचे आणि तुझ्या वेणीला बैलाचा कासरा म्हणायचे. आता पार वाकलेत. चिमट्यासारख्या त्या लांब काड्यांनी उचलताना आईच्या गळ्याजवळचं हाड त्यांच्याकडून दोनदा निसटलं. "आयुष्यभर कुणाच्या हाती लागली नाही, आता बरी लागेल," असं काहीतरी पुटपुटले आणि मग तोंड फिरवून उभे राहिले.

हे तुला तेव्हाच कळवायला हवं होतं. कागद घेऊन बसत होतो, पण प्रिय ताई लिहिलं की हात थांबायचा. आज ठरवलं, की आईचं कळवायचंच, आणि त्याबरोबर इतकी वर्षं जे कधी लिहिता आलं नाही तेही सगळं लिहायचं. तेव्हा पत्र लांबेल. घाई असेल तर बाजूला ठेव, सवडीने वाच.

तू गेलीस तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. कोळशाच्या खाणी एकामागून एक बंद पडत होत्या, अप्पांचं काम सुटलं होतं, आणि आपल्या कोरियन वस्तीतल्या घराघरात एकच विषय होता, की तिकडे उत्तर कोरियात घर मिळतं, काम मिळतं, शिक्षण फुकट आहे, आणि मुख्य म्हणजे तिथे आपल्याला जपानी नाही, आपल्या कोरियन नावाने हाक मारतात. आई तुला आणि अप्पांना म्हणाली, "तुम्ही दोघं पुढे व्हा. बघा कसं आहे ते. आम्ही मागून येतो." स्टेशनात बँड वाजत होता. तू खिडकीतून अर्धी बाहेर आली होतीस. मी रडत होतो म्हणून तू ओरडलीस, "रडतोस काय गाढवा! वर्षभराचा तर प्रश्न आहे." गाडी निइगाताच्या बंदराकडे गेली. पाठोपाठ तुझं पहिलं पत्र आलं. घर मिळालं, लोक प्रेमळ आहेत, अप्पा कामाला लागले, आणि शेवटी, येताना आजीलाही घेऊन या. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवत होतो. ती म्हणाली, "शेवटचं परत वाच." मी वाचलं. आजीला आपण आदल्याच वर्षी टेकडीमागे पुरलं होतं. तू स्वतः माती लोटली होतीस. मला वाटलं, ताईचं काहीतरी चुकलं. आई उठली, बांधून ठेवलेली गाठोडी सोडली, रजया पुन्हा फळीवर रचल्या, आणि नंतर जाण्याचं नाव कधी काढलं नाही.

तुला आठवतं, खाणीतून काढलेल्या दगडमातीचा तो काळा डोंगर? त्याच्या पायथ्याशी तू मला चेंडू टाकायचीस. आत दगड, त्यावर चिंध्या, आणि सगळ्यावर अप्पांच्या जुन्या पायपट्ट्या गुंडाळलेल्या. माझ्या हातात खाणीतल्या टेकूचा तासलेला तुकडा. "डोळे मिटलेस तर पुढचा डोक्यात घालीन," म्हणायचीस, आणि खरंच घालायचीस. डोळे न मिटण्याची ती सवय मला जन्मभर पुरली. तू गेल्यावर टाकायला कुणी उरलं नाही, म्हणून मी स्वतःच चेंडू वर उडवून मारायचो आणि स्वतःच डोंगरावर चढून शोधून आणायचो. त्याने मांड्या तयार झाल्या. हायस्कूलमध्ये मी बेसबॉल संघाचा चौथा फलंदाज झालो. चौथा म्हणजे ज्याच्यावर सगळे विसंबतात तो. उन्हाळ्यातल्या मोठ्या स्पर्धेला आम्ही गेलो तेव्हा पंचक्रोशीतल्या लोकांनी वर्गणी काढून आम्हाला बूट घेऊन दिले. चौदाव्या वर्षी मात्र मला सरकारी कचेरीत बोलावून परका माणूस म्हणून बोटांचे ठसे घेतले होते. काळी शाई. मी चार दिवस बॅट धरली नाही. बोटं घाण वाटत होती.

मग एक दिवस ओसाकाकडच्या एका व्यावसायिक संघाचा माणूस घरी आला. डुकरांचा वास येत होता, तरी बिचारा नाक न मुरडता बसला. आईने सातूचा चहा दिला. तो म्हणाला, "बाई, मुलाचं नाव काय लावायचं?" आई माझ्याकडे बघायला लागली. तोच म्हणाला, "फुमिहारा मित्सुओ. शाळेत आहे तेच राहू दे. मैदानात पुकारायला सोपं पडतं." आईने विचारलं, "आणि दुसरं?" तो हसला. "दुसरं घरात जपून ठेवा." तेव्हापासून मी फुमिहारा झालो. संघाच्या पुस्तिकेत माझा जन्म, उंची, वजन, आवडता पदार्थ असं सगळं छापलेलं असायचं, आणि त्यातली उंची तेवढी खरी होती.

ताई, मी खेळलो. हेच तुला कधी सांगता आलं नाही. मी मोठ्या मैदानांवर, दिव्यांच्या झोतात, हजारो माणसांसमोर खेळलो. पहिली काही वर्षं दुय्यम संघात गेली. तिथला प्रशिक्षक रोज इतके चेंडू मारायला लावायचा की जेवताना काड्या बोटांतून गळून पडायच्या. मग वर घेतलं. पहिल्या मोसमात नुसता हुकत होतो. एका संध्याकाळी एका म्हाताऱ्या पिचरने मला वाकडा चेंडू टाकला, तुझ्यासारखा, खांद्यातून न टाकता कमरेतून, आणि मी डोळे उघडे ठेवून फिरवली. हाताला काही लागल्याचं कळलंच नाही. चेंडू डाव्या बाजूच्या प्रेक्षकांच्याही वरून गेला. चारी तळांवरून धावताना माझ्या मनात एवढंच होतं, की हा आता शोधून कोण आणणार? त्यानंतर मला यायला लागलं. एक वर्ष तर देशात सगळ्यांत जास्त होमरन माझे होते. एकूण तीनशे अकरा. अजून कधी कुणाला मी हा आकडा सांगितला तर ते म्हणतात, "हो का? तुम्हीच का ते?"

मी कोरियन आहे हे लोकांना कळलेलं असायचंच. कुणी उघड छापत नसे, पण परगावच्या मैदानांवर बाहेरच्या बाकांवरून ओरडायचे. "अरे वारा कुठून येतोय बघा, लसणाचा वास यायला लागला!" "फुमिहारा, बोट सुटतेय बघ तुझी!" बोट म्हटलं की मला तू दिसायचीस. असले शब्द ऐकले की इतर खेळाडू चिडून हुकतात. मला उलट व्हायचं. मी मारायचो. पण मारून झाल्यावर धावताना खाली बघत धावायचो. वर्तमानपत्रवाले त्याला माझा नम्रपणा म्हणायचे.

त्या चांगल्या वर्षी आई ओसाकाला आली. मी तिच्यासाठी जाळीमागची, खेळाडूंच्या घरच्यांची जागा ठेवली होती. ती तिथे बसलीच नाही. स्वतः रांगेत उभी राहून अगदी लांबचं, मागच्या बाजूचं तिकीट काढलं. तिचं कोरियन वळणाचं बोलणं कुणी ऐकलं असतं तर माझं बिंग फुटलं असतं, हे तिचं तिनेच ठरवलं होतं. त्या दिवशी मी मारलेला चेंडू तिच्यापासून चार-पाच रांगांवर पडला. शेजारचा माणूस बिअर सांडत नाचत होता. "बघितलंत का आजी? काय पोरगं आहे! कुठलं असेल हो?" आई म्हणाली, "मला काय ठाऊक." तो म्हणाला, "याच्या आईने काय खायला घातलं असेल!" आई म्हणाली, "दगड घातले असतील." घरी येऊन तिने हे सगळं नक्कल करून सांगितलं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. मग ती भांडी घासायला गेली आणि बराच वेळ नळ नुसता वाहत राहिला.

तू विचारशील, हे सगळं पत्रात का नाही लिहिलंस? आईची ताकीद होती. ती म्हणायची, "तिकडे पत्रं आधी दुसरे वाचतात. भाऊ मोठा आहे असं कळलं तर पोरीच्या मागे काय लागेल सांगता येत नाही. आणि बहीण तिकडे आहे असं इकडे कळलं तर तुझ्या हातातून बॅट काढून घेतील." म्हणून मी हवापाणी लिहायचो, आईची गुडघेदुखी लिहायचो, आणि तूही तेच लिहायचीस. अप्पा गेल्याचंसुद्धा तू एकाच ओळीत लिहिलंस.

मग जहाजाने भेटीला जायची परवानगी मिळायला लागली आणि आई तुझ्याकडे आली. मी येऊ शकलो नाही. मोसम चालू होता, आणि मोसम नसता तरी येऊ शकलो नसतो. ती जाताना तीन पेट्या घेऊन गेली आणि परत आली ती अंगावरच्या एका पातळ झग्यावर. घड्याळ नाही, मोजे नाहीत, आतला लोकरी बनियनसुद्धा नाही. मी बंदरावर माझा कोट तिच्या अंगावर टाकला.  महिनाभराने एकदा कोबी चिरता चिरता म्हणाली, "तिचे हात माझ्यापेक्षा म्हातारे झालेत." आणि थोड्या वेळाने, "तुझं विचारत होती. ग्वांग-शिक अजून चेंडू मारतो का म्हणाली. खोलीत तो सरकारी माणूस बसला होता. मी सांगितलं, तो चेंडूंच्या कारखान्यात कामाला आहे. शिवण घालतो." मी विचारलं, "मग? ती काय म्हणाली?" आई म्हणाली, "हसली. म्हणाली, बरं झालं, चेंडू सुटला नाही त्याचा."

त्या वर्षी माझे तीस होमरन झाले होते, ताई. मी शिवण घालत नव्हतो.

त्यानंतरचं सांगण्यासारखं फार नाही. छत्तिसाव्या वर्षी मनगटावर चेंडू बसला. हाड सांधलं, पण बोटांत जोर आला नाही. जे चेंडू भिंतीपलीकडे जायचे ते भिंतीपाशी पकडले जाऊ लागले. हे फार वाईट असतं. फटका तोच, आवाज तोच, लोक उभे राहतात, आणि मग सगळे एकदम खाली बसतात. एका सकाळी संघाच्या कचेरीतून फोन आला. "फुमिहारा-सान, आता विश्रांती घ्या." निरोपाचा सामना ठेवू म्हणाले होते, नंतर कुणी विषय काढला नाही. काही वर्षं मुलांना शिकवलं, तिथूनही काढलं. टीव्हीवर बोलायला बोलावलं, पण मला बोलता येत नाही. लग्न मोडल्याचं तुला कळवलंच होतं. मग आईला घेऊन इकडे परत आलो आणि एका बॅटिंग केंद्रावर कामाला राहिलो. तिथे यंत्र चेंडू टाकतं आणि लोक नाणं घालून मारतात. मी जाळ्या दुरुस्त करतो, चेंडू गोळा करतो. कंपन्यांतले लोक जेवणाच्या सुट्टीत टाय सोडवून येतात. माझ्यासमोर मला शिकवतात, "काका, कंबर अशी फिरवायची." मी म्हणतो, "असं होय."

एका गोष्टीचा मात्र मला आनंद होता. आधीच्या पत्रांतून तू कधीच काही मागितलं नाहीस. आम्हीच आपलं अंदाजाने पाठवायचो. पण या गेल्या दहा वर्षांत तू मागायला लागलीस. तापाच्या गोळ्या, शिवणयंत्राच्या सुया, लोकर, लहान मुलांचे बूट, आणि पुढच्या वर्षी एक माप मोठे. मी आईला वाचून दाखवायचो. "बघ, ताई हक्काने मागते आता." आम्ही दोघं बाजारात जायचो, आई प्रत्येक बुटात हात घालून शिवण तपासायची. तिच्या म्हातारपणात तेवढंच एक काम तिला उरलं होतं. गेल्या वर्षी जहाज बंद झालं. पाठवायचा आमचा रस्ताच संपला. बुटांचा शेवटचा जोड, लाल रंगाचा, अजून खोक्यात आहे. आई मरेपर्यंत विचारत होती, "सुरू झालं का जहाज?"

मे महिन्यात क्वन काका केंद्रावर आले. मंगळवार होता, गिऱ्हाईक नव्हतं. मी यंत्र तपासायला चालू केलं होतं. "ग्वांग-शिक, ते बंद कर," म्हणाले. मी म्हटलं, "काका, आत्ताच लावलंय." "बंद कर म्हणतो ना." मी केलं. ते बाकावर बसले. गेल्या पानगळीत ते चीनमार्गे तिकडे आपल्या भावाला भेटून आले होते, तुझ्याच गावात, हे मला माहीत होतं. "ताई बरी आहे" एवढंच तेव्हा त्यांनी आईला सांगितलं होतं. आता म्हणाले, "तुझी आई होती तोवर मी तोंड उघडलं नाही. तुझी ताई, ओक-बुन, आता नाही रे. सत्त्याण्णवच्या हिवाळ्यातच गेली. खायला नव्हतं तेव्हा कुणालाच. होतं नव्हतं ते पोरीला घालत राहिली." मी म्हटलं, "काका, काहीतरीच काय! परवा तिचं पत्र आलंय." ते म्हणाले, "ते तिच्या पोरीचं. यन-ह्वाचं. माझ्या पायावर डोकं ठेवलं तिने. म्हणाली, मामाला सांगू नका. मामा त्याच्या बहिणीला पाठवतो. कधी न पाहिलेल्या भाचीला कोण पाठवेल?"  काका गेल्यावर मी यंत्र पुन्हा चालू केलं आणि पिंजऱ्यात जाऊन उभा राहिलो. बॅट घेतली नव्हती. चेंडू येत होते आणि मागच्या जाळीवर आदळत होते.

यन-ह्वा, पोरी, वर ताई लिहिलं असलं तरी हे वाचते आहेस ती तू. मी रागावलेलो नाही. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं. भाचीला मामाने पाठवायचं नाही तर कुणी? पण ते आता बोलून उपयोग नाही. सामान पाठवायचे रस्ते बंद झालेत, आणि माझ्या नावाची तर इकडे किंवा तिकडे कुणालाच किंमत उरलेली नाही. म्हणूनच सगळं मोकळेपणाने लिहिलं. हे पत्र मी तुझ्या आईसाठी लिहिलं आहे. ती होती तेव्हा भीतीने लिहिलं नाही, आणि भीती संपली तेव्हा ती संपून दहा वर्षं झाली होती. क्वन काका म्हणाले, त्या हिवाळ्यात गेलेल्यांना गावामागच्या उतारावर एकत्रच पुरलं, खूण काही नाही. खूण नसू दे. दिवसाउजेडी, कुणी नसेल तेव्हा तिथे जा आणि हे पत्र पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाच. आई गेल्याचं वाच. होमरनचं वाच, आकडा नीट वाच. क्वन काका केंद्रावर येतात तिथे थांब, पुढचं वाचू नकोस. ती ऐकेल असं मला वाटत नाही. मेलेलं माणूस ऐकत नाही, एवढं मी आईच्या उशाशी बसून शिकलो. तरी वाच. आणि जमलं तर मला एक पत्र लिही, तुझ्या स्वतःच्या नावाने. तुझ्या मुलांची नावं काय आहेत? बुटांची मापं मला पाठ आहेत, नावं कधी कळली नाहीत. माझ्याकडून आता काही येणार नाही हे धरूनच लिही. पण नावं लिही.

तुझाच मामा,
मून ग्वांग-शिक